शेवटच्या पानावरचं बाळ

एडवर्ड केव्ह हा लंडनमधला छापखानेवाला. १७३१ साली क्लार्कनवेलमधल्या सेंट जॉन्स गेट या जुन्या दगडी वेशीत बसून त्यानं ‘जंटलमन्स मॅगझिन’ नावाचं मासिक काढलं. मॅगझिन म्हणजे कोठार. नियतकालिकाला हा शब्द तोवर कुणी लावला नव्हता, केव्हनं लावला आणि तो कायमचा चिकटला. कोठारात सगळं होतं: संसदेतल्या वादांचा गोषवारा, कविता, कोडी, दूरदेशीच्या बातम्या, कोण मेलं, कुणाचं दिवाळं वाजलं. अंकाच्या शेवटी बारीक खिळ्यांत धान्याचे भाव यायचे, शेअरचे भाव यायचे आणि त्यांच्याच शेजारी लंडनच्या जन्ममृत्यूचा तक्ता. महिन्याभरात बाप्तिस्मा किती जणांचा झाला, पुरले किती, त्यांत पुरुष किती आणि बायका किती. त्याखाली मेलेल्यांची वयं. वयांच्या रकान्यातली पहिली ओळ असायची ‘दोन वर्षांखालील’.

हा पहिला आकडा बहुतेक वेळा खालच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये पुरल्या जाणाऱ्या तीन माणसांत एक तरी दोन वर्षांच्या आतलं असे. वर्षाअखेरीच्या मोठ्या तक्त्यात मरणाची कारणंही असत. त्यांत ‘आकडी’ असे, ‘दात’ असत आणि ‘अंगाखाली सापडून’ अशीही एक नोंद असे. दात येणं हे मरणाचं कारण म्हणून छापलं जात होतं आणि गव्हाचा भाव बघणारा वाचक त्यावरून नजर फिरवून पान उलटत होता.

त्याच मासिकात जन्मांचीही यादी यायची, पण ती वरच्या लोकांची. अमुक सरदाराच्या पत्नीस पुत्र झाला, तमुक साहेबांच्या पत्नीस कन्या झाली, असं एका ओळीत. बाळाचं नाव नाही, आईचंही नाही. जन्मलेलं बाळ बापाच्या नावानं ओळखायचं आणि मेलेलं आकड्यानं. इंग्रजी मासिकात तान्हं मूल आलं ते असं मागच्या दारानं. पुढच्या दोनशे वर्षांत ते सरकत सरकत मुखपृष्ठावर गेलं. मात्र जे मुखपृष्ठावर पोचलं, ते आणि रकान्यातलं बाळ एकच होतं का, असा संशय जुने अंक चाळताना मला वारंवार येत राहतो.

तसं केव्हच्याही आधी, डिसेंबर १७११ मध्ये रिचर्ड स्टील यानं ‘स्पेक्टेटर’मध्ये मुलांवर लिहिलं होतं, पण त्याचा रोख आयांवर होता. पोटचं पोर परक्या दाईच्या अंगावर पाजायला देणाऱ्या सुखवस्तू बायांना त्यानं चांगलं फैलावर घेतलं. दुधातून दाईचा स्वभाव उतरतो, रोग उतरतात, असा तेव्हाचा समज होता. तो लेख वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दाईला स्वतःचंही बाळ असणार, त्याशिवाय तिला दूध आलं कुठून? मग ते बाळ कुणाच्या अंगावर? त्या बाळाची चिंता मासिकाच्या वर्गणीदारांना फारशी नव्हती.

अशा नकोशा मुलांसाठी टॉमस कोरम या म्हाताऱ्या दर्यावर्दी कप्तानानं सतरा वर्षं उंबरे झिजवले. १७३९ साली त्याला राजाची सनद मिळाली आणि २५ मार्च १७४१ रोजी फाउंडलिंग हॉस्पिटलचं दार उघडलं. इस्पितळ हे नुसतं नाव, खरं तर अनाथाश्रम. येणारी पोरं जागेपेक्षा जास्त, म्हणून लवकरच सोडत सुरू झाली. आईनं पिशवीत हात घालून गोळी काढायची. पांढरी निघाली तर मूल घेतलं. काळी निघाली तर मूल परत घेऊन जायचं. लाल निघाली तर थांबायचं, पांढरी गोळी मिळालेल्यांपैकी एखादं मूल तपासणीत नाकारलं गेलं तर जागा मिळे. प्रतिष्ठित घरच्या बाया ही सोडत बघायला यायच्या. ज्या काळाच्या मासिकात बाळ आकड्यापुरतं होतं, त्या काळाचा हाही एक खेळ.

या संस्थेवर १८५३ साली चार्ल्स डिकन्सनं आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात डब्ल्यू. एच. विल्सच्या जोडीनं लेख लिहिला. अंकाची किंमत दोन पेनी, आणि आत चित्र एकही नाही. लेखाचं शीर्षक त्यानं थेट संस्थेच्या छापील फॉर्मवरून उचललं. मूल दाखल करून घेतलं की एक पावती भरायची, तिच्यावर मुलगा की मुलगी, दिवस कुठला, यांसाठी कोऱ्या जागा सोडलेल्या. त्या तशाच मोकळ्या ठेवून वाचल्या तर वाक्य होतं, ‘एक कोरं मूल मिळालं’. डिकन्सला त्या कोऱ्या जागेतच सगळी गोष्ट दिसली. तोवर सोडत बंद झालेली होती. आता आईनं अर्ज करायचा. मूल पहिलंच हवं, वर्षाच्या आतलं हवं, लग्नाबाहेरचं हवं आणि आईची आधीची वागणूक चांगली असल्याची खात्री पटायला हवी. दाखल झालं की नवं नाव. जुनं नाव त्या दिवशी पुसलं जायचं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १४ फेब्रुवारी १८५२ रोजी, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर दहा खाटांचं मुलांचं इस्पितळ उघडलं होतं. पॅरिसमध्ये असं इस्पितळ १८०२ पासून होतं. लंडनसारख्या शहराला त्यासाठी पन्नास वर्षं जास्त लागली. डिकन्सनं हेन्री मॉर्लीबरोबर त्यावरही लिहिलं, एप्रिल १८५२ मध्ये. आजारी मूल म्हणजे लहान आकाराचा आजारी माणूस नव्हे, त्याचे आजार वेगळे, त्याची तपासणीही वेगळी, हे वाचकाच्या गळी उतरवायला त्यानं खास आपली डोळ्यांत पाणी आणणारी शैली वापरली. डिकन्सच्या या रडवण्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. होवो. त्या वेळी त्या दहा खाटांना देणग्यांची गरज होती आणि रडू आलं की माणूस खिशात हात घालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इकडे चित्रांचा जमाना सुरू झाला होता. १४ मे १८४२ रोजी हर्बर्ट इंग्रॅम यानं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ काढलं. इंग्रॅम आधी नॉटिंगहॅमला वर्तमानपत्रं विकायचा आणि जोडीला एक आयुष्य वाढवणारी गोळीही विकायचा. चित्र असलेला अंक हातोहात जातो, हे त्यानं दुकानात बसूनच ताडलं होतं. चित्रं छापायची रीत मोठी खटपटीची. बॉक्सवूड नावाचं घट्ट लाकूड, त्याचे लहान ठोकळे बोल्टांनी एकत्र जखडायचे आणि त्या सपाट पाठीवर चित्रकारानं चित्र काढायचं. मग ठोकळे सुटे करून एकेक ठोकळा एकेका कोरणाऱ्याला द्यायचा. कुणी आकाश कोरायचा, कुणी झग्याच्या चुण्या, कुणी नुसती गर्दी. रात्रभरात सगळे ठोकळे पुन्हा जोडून चित्र छपाईला. चेहरे मात्र निष्णात कारागिराकडेच जायचे. म्हणजे राजपुत्राचे गाल एका हातानं कोरलेले आणि त्याचा पाळणा दुसऱ्या.

राजपुत्र आणि राजकन्यांना तोटा नव्हता. व्हिक्टोरिया राणीला १८४० ते १८५७ या काळात नऊ मुलं झाली आणि त्यांतल्या सात बारशांचं काम इंग्रॅमच्या साप्ताहिकाला मिळालं. राजघराण्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र मात्र १८४८ च्या नाताळ पुरवणीतलं. विंडसरचा राजवाडा, मेजावर मेणबत्त्यांनी उजळलेलं झाड, टोकावर देवदूत, भोवती राणी, तिचा नवरा अल्बर्ट आणि मुलं. राणीचं घर म्हणजे आपल्यासारखंच घर, असं मध्यमवर्गीय वाचकाला वाटावं हा सगळा बेत, आणि तो साधला. नाताळचं झाड इंग्रजांच्या घराघरांत शिरलं त्यात या चित्राचा मोठा हात. १८५० मध्ये ते अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’नं उचललं. राणीचा मुकुट काढला, अल्बर्टच्या मिश्या उडवल्या, आणि झालं अमेरिकन कुटुंब. मुलांना मात्र काही करावं लागलं नाही.

आणि चित्रातल्या आईला स्वतःला काय वाटत होतं? राणीनं थोरल्या मुलीला लिहिलेली पत्रं पुढे प्रसिद्ध झाली. तिला तान्ही मुलं मुळीच आवडत नसत. पहिले काही महिने त्यांची हातपाय झाडायची तऱ्हा तिला बेडकासारखी वाटे आणि कुरूप तान्हं मूल म्हणजे तिच्या लेखी अगदी किळसवाणी वस्तू. बाळंतपणाबद्दलही तिचं मत असंच रोखठोक होतं, आपण त्या वेळी गायीसारख्या किंवा कुत्रीसारख्या होतो असं तिनं लिहून ठेवलंय. देशभरातल्या दिवाणखान्यांत जिचं मातृत्व चौकटीत लावलं होतं, ती बाई मनानं अशी होती. मला ती या पत्रांमुळे जास्त आवडते, ही गोष्ट वेगळी.

दिवाणखान्याखालच्या गल्लीत वेगळंच चाललं होतं. गिरण्यांत जाणाऱ्या बाया पोरं सांभाळायला म्हाताऱ्या बाईकडे किंवा आठ-नऊ वर्षांच्या पोरीकडे ठेवायच्या. पोर रडू नये म्हणून औषध द्यायचं. गॉडफ्रेज कॉर्डियल हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध, काकवीच्या पाकात मुरवलेली अफू. मँचेस्टरच्या ॲटकिन्सनच्या औषधाचं नाव तर चक्क बालरक्षक अशा अर्थाचं. अफू बहुतेक तुर्कस्तानातून यायची. बाटली पेनी-दोन पेनीला, वाण्याच्या दुकानातही मिळायची. पोर शांत झोपायचं, भूक मरायची, अंग सुकत जायचं आणि मग मृत्यूच्या दाखल्यावर ‘अशक्तपणा’ लिहिलं जायचं. १८४९ मध्ये ‘पंच’नं यावर चित्र छापलं. शीर्षकाचा अर्थ ‘गरिबाच्या पोराची दाई’, आणि दाईच्या जागी अफूची बाटली. १८४१ साली निघालेलं हे विनोदी साप्ताहिक सुरुवातीच्या वर्षांत असं जळजळीत होतं. पुढे ते सुखवस्तू झालं, आणि मग त्यातली मुलंही सुखवस्तू झाली.

हे वाचून आपण ‘अरेरे, बिचारे इंग्रज’ म्हणण्याचं कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात अफूची बाळगोळी चांगली विसाव्या शतकापर्यंत चालू होती आणि कारण तेच होतं. भोंगा झाला की आईला निघावं लागे. लँकशायरची गिरणी इथं आली तशी तिच्यामागची गरजही आली. अफू तर इथलीच.

अफूच्या जाहिराती छापणारी मासिकं आणि अफूविरुद्ध लिहिणारी मासिकं वेगळी होती असं मात्र समजू नये. लेख एका पानावर, जाहिरात चार पानांनंतर. १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा कर गेला, १८६१ मध्ये कागदावरची जकात गेली, अंक स्वस्त झाले, वाचक वाढले आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदार आले. ‘मुलं दत्तक घेऊ, चांगली काळजी घेऊ’ अशा छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांत सर्रास येत. ठरावीक रकमेला बाळ घेणारी ही माणसं ते बाळ जगवायच्या बांधिलकीत नसत, उलट ते जितकं लवकर जाईल तितका फायदा. १८६८ पासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं याचा पाठपुरावा केला. संपादक अर्नेस्ट हार्ट. त्यांनी स्वतःच जाहिरात देऊन बघितली आणि उत्तरं पाठवणाऱ्यांचा माग काढला. १८७० च्या ऑक्टोबरात अशी बाळं घेणाऱ्या मार्गारेट वॉटर्स या बाईला फाशी झाली आणि १८७२ साली बालरक्षणाचा कायदा आला. एका डॉक्टरी साप्ताहिकानं छोट्या जाहिरातींचा रकाना नीट वाचला, त्यातून हे घडलं.

आता या सगळ्यात एक घर असं आहे की ज्याच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा रेंगाळतो. सॅम्युअल बीटन या तरुण प्रकाशकानं १८५२ मध्ये ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ काढलं. दोन पेन्यांत कपड्यांचे बेतकागद, पाककृती, कथा आणि वाचकांची पत्रं. १८५६ मध्ये त्याचं इझाबेलाशी लग्न झालं आणि लवकरच तीही मासिकात लिहू लागली. पुढच्या मे महिन्यात मुलगा झाला, ऑगस्टमध्ये गेला. तीन महिन्यांचा. दुसरा १८५९ मध्ये झाला, त्यालाही थोरल्याचंच नाव ठेवलं. त्याच सुमारास तिनं घरसंसारावरच्या मजकुराच्या मासिक पुरवण्या सुरू केल्या. १८६१ मध्ये त्यांचं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ हे जाडजूड पुस्तक झालं आणि पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजार प्रती खपल्या.

त्यात मुलांच्या संगोपनाचं प्रकरण आहे. ते तिनं लिहिलेलं नाही, एका अनुभवी शल्यवैद्याकडून घेतल्याचं ती प्रस्तावनेत सांगते. बाटलीनं दूध पाजायची शिफारस त्यात आहे. त्या बाटलीला लावायचं बोंड वासराच्या आचळाचं. एकदा नीट बसवलं की ते काढायची गरज नाही, नवं लावायचं तेव्हाच काढावं, आणि तेही साधारण पंधरवड्यातून एकदा, काळजी घेतली तर काही आठवडेही टिकतं, असा सल्ला. म्हणजे दूध प्यायलं जाणार, उरलेलं आत आंबणार, वर पुन्हा ताजं दूध. जंतूंची कल्पना तेव्हा फारशी कुणाला नव्हती, त्यामुळे त्या शल्यवैद्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या काळात रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या. बाळानं पाळण्यात पडल्या पडल्या एकट्यानं चोखायचं, आई कामाला मोकळी. त्यांना ‘मम्मा’, ‘माय लिटल पेट’ अशी लाडिक नावं होती आणि मासिकांत सुबक चित्रांसह त्यांच्या जाहिराती येत. नळी आतून धुता येत नसे. लोक त्या बाटल्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले, तरी त्या खपतच राहिल्या. आपल्याकडच्या आज्या बोंडलं उकळत्या पाण्यातून काढायच्या, त्या जंतुशास्त्र शिकल्या होत्या म्हणून नव्हे. ती सवय इंग्लंडातल्या सुशिक्षित घरात नव्हती, एवढंच.

इझाबेलाचा दुसरा मुलगा १८६२ च्या शेवटच्या दिवशी गेला, साडेतीन वर्षांचा. तिसरा बरोबर वर्षानं झाला आणि जगला. चौथा जानेवारी १८६५ च्या अखेरीस झाला, तोही जगला. ती मात्र आठवड्याभरात बाळंतरोगानं गेली, अठ्ठाविसाव्या वर्षी. वाचक तिला पोक्त, अनुभवी बाई समजत होते आणि प्रकाशकांनी ती गेल्याचा फारसा गाजावाजा होऊ दिला नाही. पुस्तकाच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्याच मासिकात साठीच्या दशकाच्या अखेरीस मुलांना, विशेषतः मुलींना, छडीनं मारावं की नाही यावर वाचकांची पत्रं येऊ लागली आणि ती इतकी वाढली की वेगळी पुरवणी काढावी लागली. त्यांतली काही पत्रं शिस्तीसाठी नव्हे, भलत्याच गोडीनं लिहिलेली आहेत हे आज सहज कळतं. ती छापत गेले, कारण खप वाढत होता.

डिसेंबर १८६९ मध्ये विल्यम लुसन टॉमस यानं ‘ग्राफिक’ काढलं. हा गडी मूळचा लाकूड कोरणारा, पूर्वी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी काम केलेला. त्यानं चित्रकारांना सांगितलं, शहर जसं आहे तसं काढा. पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सचं चित्र आलं, थंडीत रात्रीच्या निवाऱ्यासाठी रांगेत उभी असलेली बेघर माणसं. त्यांत कडेवर पोर घेतलेली बाई होती. पुढे फ्रँक हॉलनं टाकलेली मुलं काढली. त्याच्या एका चित्रात पोलीस थेम्सकाठी सापडलेलं तान्हं गुंडाळून नेतोय. हॉलंडमध्ये बसून एक गरीब तरुण हे अंक जमवायचा, त्यांतली चित्रं कापून जाड कागदावर चिकटवायचा. त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

आणि त्याच ‘ग्राफिक’नं १८८० च्या नाताळ अंकासोबत चित्रकार मिलेचं ‘चेरी राइप’ दिलं. टॉमसच्या नात्यातली एक लहानगी जुन्या काळचा पोशाख करून वेषांतराच्या मेजवानीला आली होती. तिला तशीच मिलेच्या स्टुडिओत नेलं. पांढरा झगा, मोठी टोपी, गुलाबी फीत, पुढ्यात चेरी. रंगीत छपाई. अंकाच्या पाच-सहा लाख प्रती गेल्याचं सांगतात आणि मागणी तरीही उरली. हॉलचं पोलिसाच्या हातातलं बाळ कुणी भिंतीवर लावलं नाही. तेव्हापासून संपादकांनी जे ओळखायचं ते ओळखलं.

सहा वर्षांनी मिलेनं आपल्याच नातवाला बसवलं. चारेक वर्षांचा विली जेम्स, हिरवा मखमली पोशाख, सोनेरी कुरळे केस, हातात नळी आणि वाडगा, नजर वर तरंगणाऱ्या साबणाच्या बुडबुड्यावर. बुडबुडा नीट काढता यावा म्हणून मिलेनं काचेचा गोळा करून घेतला होता. चित्राच्या एका बाजूला कुंडीत वाढणारं रोप आहे, दुसऱ्या बाजूला फुटकी कुंडी. हे मृत्यूचं चित्र आहे, जुन्या डच पद्धतीचं: आयुष्य बुडबुड्यासारखं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या विल्यम इंग्रॅमनं ते विकत घेतलं, १८८७ च्या नाताळ अंकात रंगीत छापलं, आणि मग पेअर्स साबणाच्या टॉमस बॅरटला २,२०० पौंडांना हक्कासकट विकलं. बॅरटनं पायाशी एक साबणाची वडी घातली. मिले आधी चिडला, मग छपाईचे नमुने पाहून निवळला. फुटकी कुंडी होती तिथंच राहिली, पण आता तिच्याकडे बघायचं कुणाला कारण नव्हतं. मृत्यूवरच्या चित्राचं साबणाचं चित्र व्हायला फक्त एक वडी लागली.

याच कंपनीच्या ऐंशीच्या दशकातल्या एका जाहिरातीत गोरा मुलगा टबातल्या काळ्या मुलाला साबण लावतो आणि पुढच्या चित्रात त्याचं अंग गोरं झालेलं असतं. निरागस बालपणाच्या व्याख्येत कोण बसतं आणि कुणाला घासून बसवावं लागतं, हे इतकं उघड दुसरीकडे क्वचित दिसेल.

१८८७ च्या डिसेंबरात एडा बॅलिननं ‘बेबी’ नावाचं खास आयांचं मासिक काढलं. हाफटोन छपाई आली, फोटो छापता येऊ लागले आणि मेलिन्स फूडच्या जाहिरातींत खऱ्याखुऱ्या गुबगुबीत बाळांचे फोटो, सोबत आईबापांची कृतज्ञ पत्रं. वुडवर्डचं ग्राईप वॉटर याच पंक्तीतलं. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं १८५१ मध्ये ते बनवलं. शेपेचं तेल, सोडा, साखर आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास मद्य. आजीनं आईला सांगितलं आणि आईनं मला, अशा धर्तीची त्याची जुनी इंग्रजी जाहिरात होती. आपल्या दूरदर्शनवर आजी-पणजीपर्यंत जाणारी जाहिरात लागायची, तिचं मूळ तिथं. बाटलीवर सापांशी झुंजणारं बाळ आहे. ते ग्रीक पुराणातलं, पाळण्यातच दोन साप दाबून मारणारा हर्क्युलिस. आपल्या घरांत मात्र त्याला सरळ कालियामर्दन करणारा कृष्णच समजलं गेलं, आणि कंपनीनंही पुढे बाळकृष्णाची कॅलेंडरं काढून ती समजूत पुरती वापरून घेतली.

या गुबगुबीत गर्दीच्या मागच्या पानावर जुना रकाना चालूच होता. १८९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये हजार जन्मांमागे १६३ बाळं वर्षाच्या आत जात होती. शतकभरात रेल्वे आली, तार आली, गटारं आली आणि हा आकडा हटला नाही. हटवावा असं वाटू लागलं ते बोअर युद्धात. भरतीला येणारी पोरं खुरटलेली, छाती बसलेली. १९०४ मध्ये त्यावर सरकारी समितीचा अहवाल आला. बाळ आता साम्राज्याचा उद्याचा शिपाई झालं. दूधकेंद्रं निघाली, आयांच्या शाळा निघाल्या, आणि महायुद्ध ऐन भरात असताना जुलै १९१७ मध्ये राष्ट्रीय बालसप्ताह साजरा झाला. बाळांची वजनं करून बक्षिसं. १९२४ मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी रीडिंगनं तोच बालसप्ताह हिंदुस्थानात आणला, आणि आपल्याकडच्या सुदृढ बालक स्पर्धांच्या मागे तो आहे. ग्लॅक्सोच्या डब्यावरचं बाळही याच काळातलं. गुटगुटीत पोराला ‘अगदी ग्लॅक्सो बेबी’ म्हणणाऱ्या बायकांना तो शब्द जाहिरातीतून आला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

‘पंच’चा शेवटचा मोठा पराक्रम १९२४ चा. ए. ए. मिल्न, जो युद्धापूर्वी तिथंच सहसंपादक होता, त्यानं आपल्या लहान मुलावर बेतलेल्या कविता दिल्या आणि ई. एच. शेपर्डनं त्यांना चित्रं काढली. महायुद्धात मुलं गमावलेल्या घरांना हा डोक्यावर मऊ केस असलेला, गमबूट घातलेला क्रिस्टोफर रॉबिन इतका हवाहवासा वाटला की वर्षअखेरीस पुस्तक आलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तेव्हा तो चार वर्षांचा होता. मासिकवाले फोटो काढायला घरी येत. त्याच्या आवाजात ग्रामोफोनची तबकडीही निघाली.

बुडबुड्याकडे बघणारा विली जेम्स आरमारात गेला. पहिल्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या रूम ४० मध्ये मोठ्या हुद्द्यावर होता, पुढे ॲडमिरल झाला, सर झाला. आरमारात त्याला ‘बबल्स’ म्हणत. १९७३ मध्ये तो वारला तेव्हाही बातमीत साबण होताच.

क्रिस्टोफर रॉबिननं, म्हणजे क्रिस्टोफर मिल्ननं, पुढच्याच वर्षी आठवणी लिहिल्या. स्टो शाळेत शेजारच्या खोलीतली मुलं त्याला चिडवायला ती तबकडी पुन्हा पुन्हा लावायची. लहानपणीचा गोड आवाज भिंतीतून यायचा आणि हा गप्प बसून ऐकायचा. शेवटी त्यांनाच कंटाळा आला आणि त्यांनी ती त्याच्या हातात ठेवली. त्यानं तिचे बारीक बारीक तुकडे केले, लांबच्या एका शेतात नेले आणि तिथं उधळून दिले.